खोळंबा मोजणारा दिवा

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपमध्ये हिशेब सांभाळणाऱ्या ताईंचा मला एप्रिलमधल्या एका दुपारी फोन आला. "ओ दादा, तुमचा तो दिवा लाल झालाय. मी अर्ध्या तासापासून सगळं बंद करून बसलेय. डेटा तर गेला नाही ना?" मी त्यांचा कॉम्प्युटर रिमोटवर घेऊन पाहिला. त्याला काहीही झालेले नव्हते. पडद्यावर तो दिवा दाखवणाऱ्या, मी लिहिलेल्या प्रोग्रामच्या नोंदीत साडेअकराला रॅमचा, म्हणजे चालू काम तात्पुरते ठेवण्याच्या जागेचा, वापर ८१ टक्के झाल्याचे दिसत होते, आणि ८० टक्क्यांच्या वर गेल्यास लाल रंग दाखवावा, हा नियम मीच ठरवलेला होता. त्या ८१ टक्क्यांमुळे कोणाचेही काम अडलेले नव्हते. ते अडले माझ्या लाल रंगामुळे.

अंबड आणि सातपूरमधील काही लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर मी वार्षिक देखभाल करारावर, म्हणजे सगळे ज्याला एएमसी म्हणतात त्यावर, सांभाळतो. 'कॉम्प्युटर स्लो झालाय' हे वाक्य मी आठवड्यातून जितक्या वेळा ऐकतो, तितक्या वेळा मला 'जेवलात का' असेही कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा मी गाडी काढून तिथे पोहोचेपर्यंत कॉम्प्युटर पूर्ववत झालेला असतो आणि समोरचा माणूस ओशाळून म्हणतो, "आत्ताच नीट झाला बघा." म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात बसून कॉम्प्युटरवर लक्ष ठेवणारा एक छोटा प्रोग्राम मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. पहिल्या आवृत्तीत नऊ आलेख होते आणि मला त्या नऊ आलेखांचा फार अभिमान होता.

ताईंनी काम का थांबवले, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत बसल्यावर समजले. त्यांच्या खोलीच्या काचेतून शॉप फ्लोअरवरील दोन व्हीएमसी मशीन (धातू कापून आकार देणारी यंत्रे) दिसतात आणि प्रत्येक मशीनच्या डोक्यावर टॉवर लॅम्प आहे. मशीन चालू असले की हिरवा, काही कमी-जास्त झाले की पिवळा, आणि अलार्म आला की लाल. लाल लागला की ऑपरेटर हात मागे घेतो आणि सुपरवायझरला हाक मारतो. यंत्रांच्या विद्युत उपकरणांसाठी असलेल्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकातही लाल रंग धोकादायक स्थितीसाठी, पिवळा असाधारण स्थितीसाठी, हिरवा नेहमीच्या स्थितीसाठी आणि निळा रंग माणसाने काही कृती करणे आवश्यक असलेल्या स्थितीसाठी राखून ठेवलेला आहे. ताईंनी ते मानक वाचलेले नाही, पण त्या रोज आठ तास ते पाहतात. लाल दिवा पाहून हात मागे घेण्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती.

यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील, तोच नेमका उलटा प्रकार सातपूरला घडला. तिथल्या ड्रॉइंग करणाऱ्या मुलाने पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "सर, तुमचं सगळं हिरवं आहे, पण मी चहा पिऊन आलो तरी ड्रॉइंग उघडलेलं नाही." सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ६ टक्के, रॅम ५५ टक्के, नऊच्या नऊ आलेख शांत. कॉम्प्युटरमधील जुनी हार्ड डिस्क मात्र शेवटच्या घटका मोजत होती. म्हणजे निरोगी कॉम्प्युटरला माझ्या प्रोग्रामने आजारी ठरवले होते आणि आजारी कॉम्प्युटरला ठणठणीत.

या दोन प्रसंगांनंतर मी बराच काळ एकही ओळ लिहिली नाही. माझी चूक अशी होती की, कॉम्प्युटर किती राबतो आहे हे मी मोजत होतो, आणि वापरणाऱ्याला त्याच्याशी काहीही देणेघेणे नसते. त्याचे काम किती खोळंबले आहे, एवढेच त्याला जाणवते. द्वारका चौकातून रोज जाणाऱ्या नाशिककराला चौकात एकूण किती वाहने आहेत हे सांगून काय उपयोग? वाहने पुष्कळ असूनही सरकत असतील तर त्याची तक्रार नसते, आणि दहाच वाहने एका बंद पडलेल्या ट्रकमागे अडकली असतील तर तो हॉर्नवरून हात काढत नाही. वापर आणि खोळंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॉम्प्युटरवर लक्ष ठेवणारी बहुतेक साधने आपल्याला ठळकपणे वापरच दाखवतात.

याला कारणही आहे: वापर मोजणे सोपे असते. प्रोसेसरने किती वेळ काम केले आणि किती वेळ तो रिकामा होता, याचे मोजमाप ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी विंडोज किंवा लिनक्ससारखी मूळ प्रणाली, स्वतःच ठेवत असते. दोन क्षणांची मोजमापे घेऊन वजाबाकी केली की टक्के मिळतात. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरील 'टॉप' हे वापर दाखवणारे साधन विल्यम लेफेव्हर यांनी १९८४ मध्ये लिहिले, आणि डेव्ह प्लमर यांनी लिहिलेला टास्क मॅनेजर १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० सोबत आला. दोन्ही साधने उत्तम आहेत आणि मी ती रोज वापरतो. पण त्यांतील आकड्यांचा अर्थ लावणारा माणूस समोर बसलेला आहे, हे त्यांत गृहीत धरलेले आहे. हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी तो अर्थ लावावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे रक्ताचा अहवाल रुग्णाच्या हातात देऊन त्यानेच औषध ठरवावे असे म्हणण्यासारखे आहे.

टक्क्यांमुळे किती गैरसमज होतो, याचा नमुना सातपूरच्या त्याच मुलाने मला दाखवला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये चार कोअरचा, म्हणजे एकाच वेळी चार कामे करू शकणाऱ्या चार भागांचा, प्रोसेसर आहे. थ्रीडी मॉडेलमध्ये एखादा बदल केल्यावर पुढचे सगळे टप्पे एकामागून एक नव्याने रचावे लागतात. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर अवलंबून असल्यामुळे हे काम बहुतांशी एकाच कोअरवर चालते. तो एक कोअर जीव तोडून धावत असतो आणि उरलेले तीन बसून असतात. सरासरी येते २५ टक्के. मालकांनी टास्क मॅनेजर पाहून मला विचारले होते, "उरलेला पंचाहत्तर टक्के प्रोसेसर कुठे गेला? पैसे तर पूर्ण दिलेत ना आपण?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. २५ हा आकडाही खरा होता. पण तो मुलगा कशासाठी थांबला आहे, याचा त्यातून पत्ता लागत नव्हता.

रॅमची गोष्ट याहून गमतीची आहे. रिकामी रॅम ही चैनीची वस्तू आहे असे लोकांना वाटते, पण ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने ती वाया गेलेली जागा असते. एकदा वाचलेल्या फाइली पुन्हा लागतील म्हणून विंडोज आणि लिनक्स दोन्ही मोकळ्या रॅममध्ये सांभाळून ठेवतात आणि एखाद्या प्रोग्रामला जागा हवी झाली की ती तत्काळ मोकळी करतात. त्यामुळे 'मोकळी' रॅम आणि 'मिळू शकेल अशी' रॅम हे दोन निरनिराळे आकडे ठरतात. लिनक्सने हा दुसरा आकडा २०१४ मधील ३.१४ या आवृत्तीपासून स्वतंत्रपणे दाखवायला सुरुवात केली. रॅम खरोखर कमी पडते तेव्हा वेगळे लक्षण दिसते: रॅममध्ये न मावलेला मजकूर हार्ड डिस्कवर टाकला जातो आणि लागला की तिथून परत ओढून आणावा लागतो. ही ओढाताण सुरू झाली की माऊस अडखळत चालतो. नव्या आवृत्तीत मी रॅमचे टक्के पाहणेच सोडून दिले. डिस्कवरून दर सेकंदाला किती पाने (रॅममधील मजकुराचे ठरावीक आकाराचे तुकडे) परत आणावी लागत आहेत, एवढेच पाहतो.

आता हार्ड डिस्क, कारण आमच्या भागातील जुन्या कॉम्प्युटरांत दहापैकी सात खोळंबे तिथेच होतात, असा माझा अनुभव आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला ११ मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. त्यात टोक इकडून तिकडे सरकण्याचे दहाएक मिलिसेकंद मिळवले की विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साठ-सत्तर वेळाच वाचता येते. फिरणारी तबकडी नसलेल्या एसएसडीवर हेच काम सेकंदाला हजारो वेळा होते. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क १०० टक्के' दिसत असताना प्रत्यक्षात सेकंदाला एक मेगाबाइटही वाचला जात नाही, असे घडू शकते. तो आकडा डिस्क किती वेळ कामात होती एवढेच सांगतो. काम उरकले का, याबद्दल मौन पाळतो. त्याऐवजी एका वाचनाला सरासरी किती वेळ लागला, हा आकडा विंडोजच्या परफॉर्मन्स काउंटरमध्ये, म्हणजे तिने स्वतः ठेवलेल्या मोजमापांत, उपलब्ध आहे. सातपूरच्या त्या डिस्कवर मी तो पाहिला तेव्हा दहा-पंधराच्या जागी सातशे मिलिसेकंद दिसले. खराब होत चाललेल्या जागेवरून डिस्क पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, त्या 'स्मार्ट' नोंदीतील १९७ क्रमांकाची ओळ वाचता न आलेल्या आणि निर्णय प्रलंबित असलेल्या जागांची संख्या सांगते. ती संख्या तिथे शून्य नव्हती.

लिनक्सच्या बाबतीत माझे काम सोपे झाले. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० या आवृत्तीपासून लिनक्स स्वतःच खोळंबा मोजतो. फेसबुकमधील योहानेस वायनर यांनी हे काम केले. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क या तिन्हींसाठी, गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत कामे किती टक्के वेळ नुसती वाट पाहत होती, हे तिथे सरळ लिहिलेले मिळते. विंडोजमध्ये असा एकच तयार आकडा मला सापडला नाही, म्हणून वाचनाला लागणारा वेळ, परत ओढून आणावी लागणारी पाने आणि प्रोसेसरसमोरची रांग या तीन गोष्टी जोडून मी कामचलाऊ आकडा तयार केला. तो अचूक आहे असा माझा दावा नाही. माणूस वैतागला असेल तेव्हा तो वर जातो, एवढे मात्र मी पडताळून पाहिले आहे.

पडताळण्यासाठी मी ताईंच्या शेजारी स्टूल टाकून सलग दोन दिवस दोन-दोन तास बसलो. हे काम मी सर्वांत आधी करायला हवे होते. कॉम्प्युटर अडला की त्या काय करतात, ते मी वहीत टिपत गेलो. पहिल्या सेकंदात काहीच नाही. दोन-तीन सेकंदांनी त्या पुन्हा क्लिक करतात. मग आणखी एकदा, जरा जोरात. साधारण दहा सेकंदांनंतर त्यांची नजर पडद्यावरून हटते आणि त्या बाजूच्या फाइलीकडे वळतात. अर्धा मिनिट झाला की हात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरील पॉवर बटणाकडे जातो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा मला पाठ होत्या: एका दशांश सेकंदापर्यंत प्रतिसाद तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर माणसाचे लक्ष दुसरीकडे जाते. डिलिव्हरी चलनाच्या बटणावर तीनदा क्लिक झाल्यामुळे एकाच चलनाच्या तीन प्रती प्रिंटरमधून बाहेर पडताना पाहिल्यावर त्या मर्यादांचा अर्थ मला उमगला. माझ्या प्रोग्रामने जे काही बोलायचे, ते तिसऱ्या क्लिकच्या आणि बटणाकडे जाणाऱ्या हाताच्या मध्ये बोलायला हवे होते. आधी बोलला तर तो उगाच दचकवतो. नंतर बोलला तर पडदा काळा झालेला असतो.

म्हणून नव्या आवृत्तीत खोळंबा सलग आठ सेकंद टिकला तरच दिवा लागतो आणि तो संपल्यावर अर्ध्या मिनिटाने विझतो. लागण्याची आणि विझण्याची वेळ वेगळी ठेवली नाही तर दिवा सणासुदीच्या माळेसारखा लुकलुकत राहतो. एरवी दिवा करडा असतो. हिरवा रंग मी काढून टाकला, कारण 'सगळे ठीक आहे' अशी ग्वाही देण्याइतके माझ्या प्रोग्रामला कळत नाही. पिवळा म्हणजे थांबा, काही करू नका. निळा म्हणजे तुम्ही अमुक एक गोष्ट करा. लाल फक्त तेव्हाच, जेव्हा डिस्कच्या नोंदीवरून डेटा धोक्यात असल्याचे दिसते. लाल-हिरव्यातील फरक न ओळखू शकणारे लोक, विशेषतः पुरुष, कमी नसतात, म्हणून पिवळा दिवा गोल, निळा चौकोनी आणि लाल त्रिकोणी केला.

नऊ आलेखांच्या जागी आता एक वाक्य असते, आणि त्या वाक्यावर मी आलेखांपेक्षा जास्त दिवस घालवले. पहिला मसुदा होता 'मशीन संथ आहे.' तो वाचून शॉप फ्लोअरवरचा एक मुलगा थेट व्हीएमसीकडे गेला. वर्कशॉपमध्ये मशीन म्हणजे लेथ, मिलिंग किंवा व्हीएमसी. टेबलावर असतो तो कॉम्प्युटर. 'संगणक' शब्द वापरून पाहिला, तर सरकारी नोटीस आल्यासारखी सर्वांची मुद्रा झाली. 'स्मृती अपुरी आहे' हे वाक्य तर मी कोणाला दाखवलेही नाही. शेवटी टिकली ती अशी वाक्ये: "हार्ड डिस्क फाइल वाचत आहे. थोडे थांबा, कॉम्प्युटर बंद करू नका." "रॅम कमी पडत आहे. ब्राउझरमधील न लागणारे टॅब बंद करा." "हार्ड डिस्क खराब होत आहे. आजच्या कामाची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या आणि फोन करा." यांत एकही आकडा नाही. ज्याला आकडे हवे असतील त्याने दिव्यावर डबल क्लिक करावे. तिथे नऊच्या नऊ आलेख अजून आहेत आणि ते बहुधा मीच एकटा पाहतो.

मराठी अक्षरांनीही थोडा त्रास दिला. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीच्या उंचीत देवनागरी बसवले की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो, आणि 'वापरू नका' मधला रू पाय तुटल्यासारखा दिसतो. विंडोजसोबत येणारा निर्मला फॉन्ट घेऊन ओळीची उंची दीडपट केल्यावर ते मिटले.

उष्णतेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमधल्या केबिनमध्ये बसलेला कॉम्प्युटर, त्याच्या पंख्यात बसलेली लोखंडाची आणि तेलाची बारीक धूळ, यांमुळे प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. बाहेरून दिसते ते एवढेच की दुपारी दोननंतर सगळे रेंगाळते आणि सकाळी पुन्हा सुरळीत असते. पायथनमधील पीएसयुटिल ही लायब्ररी (तयार कोडचा संच) तापमान लिनक्सवर देते, पण विंडोजवर देत नाही. मी आडवाटेने गेलो: प्रोसेसर भरपूर कामात आहे आणि तरीही त्याचा वेग मूळ वेगाच्या बराच खाली गेला आहे, असे दोन्ही एकाच वेळी दहा मिनिटे दिसले, तर निळ्या दिव्यासोबत "कॉम्प्युटर तापला आहे. पंख्याची धूळ साफ करून घ्या" असे वाक्य येते. या एका वाक्यामुळे माझ्या उन्हाळ्यातल्या फेऱ्या लक्षणीयरीत्या कमी झाल्या; ब्लोअर तर प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतोच.

एक कबुली देऊन टाकतो. पहिल्या आवृत्तीत मी दर सेकंदाला चालू असलेल्या सर्व प्रोग्रामची पूर्ण यादी वाचत होतो. ताईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोसेसर सर्वाधिक खाणाऱ्यांच्या त्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर कोण होते, हे सांगायला नको. आता दर दोन सेकंदांनी फक्त मोजके काउंटर वाचले जातात, आणि यादी तेव्हाच काढली जाते जेव्हा खोळंबा सुरू झालेला असतो आणि कारण शोधायचे असते.

इंटरनेटचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. महिन्याच्या विवरणपत्राची तारीख जवळ आली की बाहेरची साइट उत्तर द्यायला वेळ लावते, कॉम्प्युटरमध्ये कोणताच खोळंबा नसतो, दिवा करडाच राहतो, आणि फोन पुन्हा मलाच येतो. आपले राउटर, बाहेरची लाइन आणि समोरची साइट यांपैकी नेमके कोण अडले आहे, हे तिन्ही ठिकाणी वेगवेगळे विचारून ओळखता येते, आणि तेवढा भाग मी लिहून ठेवला आहे. अडले आहे ते वाक्यावर. 'नेटवर्क विलंब' असे काहीतरी मी लिहिले होते. ताईंनी ते वाचून चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "दादा, असं लिहा ना, कॉम्प्युटर तयार आहे, समोरून उत्तर यायचंय." पुढच्या आवृत्तीत तेच जाईल.